ओकॅमलमध्ये कॉन्फिग डिमन आणि त्याच्या क्लायंट लायब्रऱ्या: पहिल्या टाइपपासून शेवटच्या टेस्टपर्यंत

अंधेरीला मुख्य ऑफिस, दादर आणि कल्याणला शाखा, पालघरच्या गोदामात एकुलता एक राउटर. चारही ठिकाणी लिनक्स चालतं आणि प्रत्येकाच्या सेटिंग्ज दहा-पंधरा फाइल्समध्ये विखुरलेल्या असतात. कुणीतरी व्हीलॅन (एकाच तारेवरचं वेगळं आभासी नेटवर्क) बदलतं, डीएचसीपीची (मशिनांना आपोआप आयपी पत्ते वाटणाऱ्या सेवेची) फाइल तशीच राहते आणि सकाळी दादरच्या बिलिंग काउंटरला नेट नसतं. यावर उपाय म्हणजे प्रत्येक मशिनवर एकच डिमन, म्हणजे मागे सतत चालणारा प्रोग्रॅम, ठेवायचा. सगळं कॉन्फिग त्याच्याकडे असेल आणि बदल फक्त त्याच्यामार्फत होतील. या लेखापुरतं त्याचं नाव ‘कारभारी’.

असा डिमन लिहायला घेतला की बहुतेकांचा वेळ पार्सरवर (फाइलचा मजकूर वाचून समजून घेणाऱ्या भागावर) जातो. पार्सर सोपा असतो. अवघड आहे ते एक वचन पाळणं: चालू कॉन्फिग कधीही अर्धवट राहणार नाही. क्लायंट (डिमनशी बोलणारा प्रोग्रॅम) मध्येच मेला, स्क्रिप्ट अडकली, वीज गेली, तरीही. ओकॅमल ही प्रोग्रॅमिंग भाषा निवडण्याचं कारण हेच आहे. इथली झाडं (कॉन्फिग ज्यात ठेवतो ती फांद्यांसारखी रचना) न बदलणारी असल्यामुळे जुनी आणि नवी आवृत्ती शेजारी शेजारी ठेवायला काही खर्च येत नाही, आणि एखादी शक्यता हाताळायची राहिली तर कंपायलर सांगतो.

पाया

स्विच (नेटवर्कचा नव्हे; ओपॅम या पॅकेज मॅनेजरमधलं एका कंपायलर आवृत्तीचं वातावरण) तयार करताना आधी पाहा की बायनरी शेवटी कुठे चालणार आहे. साध्या ६४ बिट मशिनसाठी ओकॅमल ५ घ्या. राउटर ३२ बिट एआरएमवर असेल तर ४.१४ वरच राहा, कारण ५ पासून ३२ बिट प्रोसेसरसाठी नेटिव्ह कंपायलर मिळत नाही. शिवाय ३२ बिटवर ओकॅमलचा ‘इंट’ ३१ बिटांचा असतो. हे पुढे प्रोटोकॉलमध्ये नडतं.

पॅकेजेस मोजकी लागतात: बिल्डसाठी ड्यून, एकाच वेळी अनेक कनेक्शन सांभाळायला एलडब्ल्यूटी, जेसनसाठी योजसन, कमांडचे पर्याय वाचायला कमांडलाइनर, नोंदींसाठी लॉग्ज आणि टेस्टसाठी अल्कोटेस्ट व क्यूचेक. डॉकरमध्ये बिल्ड करत असाल तर ओपॅमचं बबलरॅप सँडबॉक्स (बिल्डला बंदिस्त ठेवणारं कवच) तिथे बहुधा चालत नाही. ‘ओपॅम इनिट’ करतानाच ते बंद करा. आणि बिल्ड सर्वांत जुन्या लक्ष्य मशिनच्या डिस्ट्रोवर करा. नव्या उबुंटूवर बनवलेली बायनरी जुन्या राउटरवर नेली की जीलिबसीची (लिनक्सच्या मूळ सी लायब्ररीची) आवृत्ती सापडत नाही म्हणून ती सुरूच होत नाही.

ड्यूनमध्ये चार भाग ठेवा: कोअर, प्रोटोकॉल, डिमन, क्लायंट. कोअरमध्ये युनिक्स किंवा एलडब्ल्यूटीचं नावसुद्धा येऊ देऊ नका. झाड, फरक, तपासणी ही सगळी निव्वळ फंक्शनं. ही शिस्त पहिल्या दिवशी लावली नाही तर नंतर लागत नाही, आणि मग कमिटची (बदल एकत्र लागू करण्याची) टेस्ट करायला रूट परवानगी लागते.

झाड

नोड म्हणजे एक रेकॉर्ड: किमतींची (म्हणजे सेटिंगच्या मूल्यांची) यादी आणि मुलांचा मॅप, ज्यात प्रत्येक मूल त्याच्या नावाने, म्हणजे ‘की’ने, सापडतं. पाथ (मुळापासून नोडपर्यंतची नावं) नेहमी स्ट्रिंगची लिस्ट म्हणून फिरवा, स्पेसने जोडलेली एक स्ट्रिंग म्हणून कधीच नको. ‘पालघर गोदाम’ असं वर्णन कुणीतरी घालणारच, आणि तिथे पाथचे दोन तुकडे होतील.

मॅपची की तुलना करताना साधा स्ट्रिंग कम्पेअर वापरला तर फायरवॉलचा नियम १० हा नियम ९ च्या आधी येतो. नियमांचा क्रम बदलला म्हणजे सुरक्षा बदलली. म्हणून आकड्यांची तुलना आकडे म्हणून करा. पण इथे एक खड्डा आहे: ‘०९’ आणि ‘९’ यांना तुमचं फंक्शन समान म्हणालं तर दोन्ही की एकच होतात आणि दुसरी पहिलीवर बसते. आकडे समान निघाले की शेवटी स्ट्रिंगची तुलना करा. आकडा विरुद्ध अक्षर असेल तर आकडा कायम आधी, असा एकच नियम ठेवा; नाहीतर तुलनेची साखळी तुटते आणि मॅपमध्ये असलेली की सापडत नाही.

दुसरा खड्डा: दोन झाडं सारखी आहेत का हे पाहायला साधं बरोबर-चिन्ह वापरू नका. मॅपची आतली रचना की कोणत्या क्रमाने घातल्या यावर अवलंबून असते. मजकूर तोच असूनही उत्तर ‘वेगळी’ असं येऊ शकतं, आणि काहीही बदललेलं नसताना डीएचसीपी सर्व्हर रिस्टार्ट होतो. ‘मॅप’ मॉड्यूलचं ‘इक्वल’ वापरा.

तिसरा खड्डा आकडे तपासताना. ‘इंट ऑफ स्ट्रिंग’ हे फंक्शन १_० ला दहा समजतं आणि शून्य-एक्सने सुरू होणारा हेक्स आकडाही स्वीकारतं. व्हीलॅन क्रमांकासाठी आधी प्रत्येक अक्षर ० ते ९ मधलं आहे ना ते पाहा, मग रूपांतर करा, मग १ ते ४०९४ ही मर्यादा तपासा.

मराठी मजकूर किमतींमध्ये बिनधास्त येऊ द्या, पण हिशेब नीट ठेवा. ओकॅमलचं ‘स्ट्रिंग लेंग्थ’ बाइट मोजतं. ‘मुंबई’ या शब्दात पाच युनिकोड चिन्हं आणि १५ बाइट आहेत. ६४ बाइटची मर्यादा घातली तर देवनागरीत २१ चिन्हांतच संपते, आणि ‘स्ट्रिंग सब’ने कापलं तर चिन्ह मधोमध तुटून पायथन क्लायंट डीकोड करताना पडतो. आत येणारी प्रत्येक किंमत यूटीएफ-८ म्हणून वैध आहे का ते तपासा, ४.१४ पासून त्यासाठी स्टँडर्ड लायब्ररीतच फंक्शन आहे. की मात्र आस्कीपुरत्याच ठेवा. ‘कऱ्हाड’मधला ऱ एका कोडपॉइंटने लिहिता येतो, किंवा र आणि नुक्ता असा दोन कोडपॉइंटनीही. दिसायला दोन्ही एकच, बाइट वेगळे. एकाच शाखेच्या दोन नोंदी होतील आणि तासभर शोधूनही चूक दिसणार नाही.

स्कीमा आणि दोन टप्प्यांची तपासणी

कुठे कोणता नोड चालतो, किंमत एक की अनेक, कोणता तपासनीस, कोणता हँडलर (बदल मशिनवर प्रत्यक्ष लागू करणारा प्रोग्रॅम) आणि त्याचा प्राधान्यक्रम, एवढं स्कीमात असावं. एका किमतीपुरती तपासणी ‘सेट’ होतानाच करा: आयपी पत्ता नीट आहे का, इंटरफेसचं नाव लिनक्सच्या १५ बाइटच्या मर्यादेत आहे का. ज्या तपासण्या दोन जागांवर अवलंबून आहेत त्या कमिटपर्यंत थांबवा. माणूस आधी डीएचसीपीची रेंज लिहितो आणि मग इंटरफेसला पत्ता देतो. पहिल्याच ओळीला ‘पत्ता नाही’ म्हणून अडवलं तर तो वैतागून फाइल हाताने बदलायला लागतो.

सेशन

प्रत्येक सेशनमध्ये (एका वापरकर्त्याच्या बदलांच्या बैठकीत) तीन गोष्टी: सुरुवातीचं झाड, त्याचा आवृत्ती क्रमांक आणि केलेल्या बदलांची यादी. फक्त बदललेलं झाड ठेवून भागत नाही. कल्याणच्या राउटरवर दोघं एकाच वेळी काम करत असतील आणि दुसऱ्याने आपलं पूर्ण झाड चालू कॉन्फिगवर ठेवलं तर पहिल्याचे बदल गुपचूप पुसले जातात. कमिटच्या वेळी आवृत्ती पुढे सरकलेली दिसली तर बदलांची यादी नव्या झाडावर पुन्हा चालवा. मधल्या काळात कुणी तोच पाथ, त्याचा पूर्वज किंवा वंशज बदलला असेल तर नकार द्या आणि कोणत्या पाथवर टक्कर झाली ते सांगा. आपोआप जुळवून घेण्याचा हुशारपणा नेटवर्कच्या बाबतीत महागात पडतो.

सेशन कनेक्शनला बांधू नका. शेल स्क्रिप्टमधली प्रत्येक कमांड वेगळी प्रोसेस असते, म्हणून टोकन (सेशन ओळखणारा गुप्त क्रमांक) द्या आणि ३० मिनिटं वापर नसेल तर सेशन बंद करा. टोकन ‘रँडम’ मॉड्यूलमधून घेऊ नका. कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) यूरँडममधून, म्हणजे अंदाज न येणारे बाइट देणाऱ्या फाइलमधून, १६ बाइट वाचा. शिवाय टोकन कोणत्या यूझर आयडीचं आहे ते जोडून ठेवा. युनिक्स सॉकेटवर पलीकडचा यूझर कोण हे एलडब्ल्यूटीचं ‘गेट क्रेडेन्शियल्स’ कर्नलला विचारून सांगतं. क्लायंटने स्वतः पाठवलेल्या नावावर विश्वास ठेवायची गरजच नाही.

कमिट

इथे घाई करू नका. क्रम असा:

१. कमिटचं कुलूप घ्या. ‘एलडब्ल्यूटी म्युटेक्स’चं ‘विथ लॉक’ वापरा, म्हणजे एक्सेप्शन आलं तरी कुलूप सुटतं. हे कुलूप पुन्हा त्याच धाग्याला मिळत नाही. रोलबॅकच्या (बदल मागे घेण्याच्या) फंक्शनने तेच कुलूप परत मागितलं तर डिमन कसलीही तक्रार न करता कायमचा थांबतो. म्हणून कुलूप बाहेरच्या एकाच फंक्शनमध्ये घ्या.

२. बदल ताज्या झाडावर चालवा, संपूर्ण झाड तपासा.

३. जुनं आणि नवं झाड यांतला फरक काढा, त्यावरून कोणते हँडलर लागतील ते ठरवा.

४. काढून टाकायच्या गोष्टी उलट्या प्राधान्याने आधी, भर घालायच्या गोष्टी सुलट्या प्राधान्याने नंतर. व्हीलॅन आधी बनतो, मग पत्ता, मग डीएचसीपी. मोडताना डीएचसीपी आधी.

५. हँडलर एकेक करून चालवा, प्रत्येकाला ३० सेकंद.

६. एखादा पडला तर आतापर्यंत चाललेले हँडलर उलट्या क्रमाने जुन्या झाडावर आणा, पडलेल्या हँडलरपासून सुरुवात करून. तो पडण्याआधी अर्धं काम करून गेलेला असू शकतो. त्याला वगळणं ही सर्वांत जास्त दिसणारी चूक आहे.

रोलबॅक विश्वासार्ह व्हायचा तर हँडलर कितीही वेळा चालवला तरी निकाल तोच यायला हवा. ‘आयपी ॲड्रेस ॲड’ दुसऱ्यांदा चालवलं की पत्ता आधीच आहे म्हणून चूक येते. तिथे ‘ॲड’ऐवजी ‘रिप्लेस’ लिहा. हँडलरला ‘हे जोड, ते काढ’ असे हुकूम देण्यापेक्षा त्याच्या वाट्याचं नवं उपझाड द्यावं आणि तिथपर्यंत पोचण्याचं काम त्याच्यावर सोडावं.

हँडलर चालवताना मध्ये शेल आणू नका, आर्ग्युमेंट्सची यादी थेट द्या. ओकॅमलमध्ये फाइल डिस्क्रिप्टर (उघड्या फाइल आणि सॉकेटचे क्रमांक) मुळात चाइल्ड प्रोसेसकडे वारशाने जातात. सॉकेट आणि अक्सेप्ट दोन्हीकडे ‘क्लोएक्सेक’ (हा वारसा थांबवणारा पर्याय) चालू केलं नाही तर हँडलरच्या हातात क्लायंटचं सॉकेट उघडं राहतं; डिमनने कनेक्शन बंद केलं तरी क्लायंट वाट पाहत बसतो. आउटपुट वाचण्याचंही तसंच. हँडलरने मागे एखादी सेवा सुरू ठेवली आणि तिने पाइप धरून ठेवला, तर हँडलर संपूनही तुम्हाला फाइलचा शेवट मिळत नाही. वाचणं संपण्याची वाट न पाहता प्रोसेस संपण्याची पाहा, आणि मागे राहणारी सेवा सिस्टिमडीकडे (लिनक्सवर सेवा सुरू-बंद करणाऱ्या प्रोग्रॅमकडे) सोपवा.

वेळ संपल्यावर एकट्या हँडलरला मारलं तर त्याची पोरं (त्याने सुरू केलेल्या प्रोसेस) उरतात. हँडलर ‘सेटसिड’ कमांडमधून सुरू करा, म्हणजे त्याचा स्वतंत्र गट बनतो, आणि उणे पीआयडीला (प्रोसेसच्या क्रमांकाला) किल पाठवून अख्खा गट संपवा.

पालघरच्या राउटरसाठी आणखी एक गोष्ट हवीच: दुजोरा मागणारं कमिट. बदल लागू करा, दहा मिनिटांत ‘ठीक आहे’ असं आलं नाही तर जुन्यावर परत जा. एसएसएच ज्या इंटरफेसवरून आलं तोच बंद केला तर अंधेरीहून विरार गाठून पुढे पालघरपर्यंत जायची वेळ येते. दहा मिनिटांचा टायमर ती खेप वाचवतो. हा टायमर भिंतीवरच्या घड्याळावर चालवू नका. ज्या पेट्यांमध्ये घड्याळाची बॅटरी नसते त्यांची वेळ एनटीपी (नेटवरून वेळ जुळवणारी सेवा) येताच काही वर्षं पुढे उडी मारते. ‘एमटाइम’ लायब्ररीतलं सतत पुढे जाणारं घड्याळ घ्या आणि दर सेकंदाला किती काळ गेला ते तपासा. दुजोरा येईपर्यंत डिस्कवर जुनंच कॉन्फिग राहू द्या; मधेच मशिन रीबूट झालं तर ते आपसूक सुरक्षित जागी येईल.

डिस्क

१२ ऑक्टोबर २०२० रोजी ग्रिड कोलमडून मुंबई आणि आसपासची वीज एकदम गेली होती. यूपीएस असतो, पण त्याची बॅटरीही कधीतरी संपते, म्हणून फाइल लिहिण्याचा क्रम वीज जाणारच असं धरून ठरवा. तात्पुरती फाइल त्याच डिरेक्टरीत लिहा, ‘एफसिंक’ करा (म्हणजे मजकूर खरोखर डिस्कवर उतरवा), ‘रिनेम’ करा, मग डिरेक्टरी वाचण्यासाठी उघडून तिलाही ‘एफसिंक’ करा. टीएमपी डिरेक्टरीत लिहून इकडे रिनेम केलं तर अनेक मशिनांवर ती वेगळी फाइलसिस्टिम असल्यामुळे ईएक्सडेव्ह ही चूक येते. आणि एफसिंक न करता रिनेम केलं तर वीज परतल्यावर नाव बरोबर पण आत शून्य बाइट अशी फाइल मिळू शकते.

हँडलर चालवण्याआधी ‘कमिट सुरू आहे’ अशी एक खूणफाइल लिहा, शेवटी ती काढा. मशिन रीबूट झालं तर कर्नलची अवस्था तशीही कोरी असते. पण फक्त डिमन मेला आणि कर्नल चालू राहिला, तर इंटरफेस अर्धे जुने, अर्धे नवे असतात. सुरू होताना खूणफाइल दिसली की डिस्कवरचं अख्खं कॉन्फिग पुन्हा लागू करा. हँडलर पुन्हा पुन्हा चालण्याजोगे लिहिले असतील तरच हे जमेल.

सॉकेट आणि प्रोटोकॉल

ओकॅमलचं डेटा बाइटमध्ये बदलणारं ‘मार्शल’ मॉड्यूल वापरायचा मोह होईल, टाळा. उलट वाचताना ते टाइप तपासत नाही, आणि ओकॅमल सोडून कुठल्याही भाषेत त्याचा क्लायंट लिहिणं म्हणजे यातना. ४ बाइटची लांबी, मोठा बाइट आधी, आणि मागून जेसन एवढं पुरे.

लांबी वाचली की जागा घेण्याआधी मर्यादा तपासा. ४ मेगाबाइट भरपूर झाले. बाइटमधून ३२ बिटांचा आकडा वाचला की तो चिन्हासह येतो, म्हणून ऋण लांबीही नाकारा, आणि तुलना ‘इंट३२’ असतानाच करा. ३१ बिटांच्या इंटमध्ये आधी बदललं तर वरचा बिट गळून खोटी पण वैध दिसणारी लांबी निघते.

पहिला संदेश प्रोटोकॉलची आवृत्ती सांगणारा. प्रत्येक विनंतीला क्रमांक, उत्तरात तोच क्रमांक. चुकीत दोन भाग: प्रोग्रॅमसाठी कायमचा कोड आणि माणसासाठी मजकूर. मजकूर उद्या मराठीत केला तरी कुणाची स्क्रिप्ट मोडता कामा नये. ‘पीपीएक्स डिरायव्हिंग योजसन’ वापरत असाल तर ‘स्ट्रिक्ट’ बंद करा, नाहीतर नव्या क्लायंटने एक जादा फील्ड पाठवलं की जुना डिमन विनंती नाकारतो.

सॉकेटचा पाथ लिनक्सवर १०८ बाइटच्या आत बसवा. प्रत्यक्ष वापरात हे नडत नाही, ड्यूनच्या सँडबॉक्समध्ये टेस्ट चालवताना नडतं. जुनी सॉकेट फाइल दिसली म्हणून लगेच पुसू नका. आधी तिला जोडून पाहा. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ आलं तरच ती मेलेली आहे. परवानग्या सॉकेट बनल्यावर ‘सीएचमॉड’ने लावल्या तर मधल्या क्षणात कुणीही आत येऊ शकतं, म्हणून बाहेरची डिरेक्टरीच गटापुरती उघडी ठेवा.

आणखी दोन गोष्टी सुरुवातीलाच. सिगपाइप (तुटलेल्या कनेक्शनवर लिहिलं की येणारा सिग्नल) दुर्लक्षित करा, नाहीतर क्लायंटने मध्येच कंट्रोल-सी दाबल्यावर तुमचा डिमन मरेल. आणि ‘एलडब्ल्यूटी असिंक’मध्ये न पकडलेलं एक्सेप्शन मुळात अख्खी प्रोसेस २ या कोडने बंद करतं, प्रत्येक कनेक्शनच्या फंक्शनला स्वतःचं ‘कॅच’ द्या. एकाच कनेक्शनवर दोन उत्तरं एकदम लिहिली जात असतील तर लिहिण्याला कुलूप लावा, नाहीतर एका संदेशाच्या पोटात दुसरा घुसतो.

क्लायंट लायब्रऱ्या

ओकॅमलची लायब्ररी दोन थरांत करा. आतला थर फक्त बाइट ते संदेश आणि संदेश ते बाइट. बाहेरचे दोन छोटे थर, एक साध्या युनिक्स कॉलवर, दुसरा एलडब्ल्यूटीवर. फंक्शनं एक्सेप्शन फेकण्याऐवजी ‘रिझल्ट’ परत देणारी असावीत. ४.०८ पासून आलेल्या ‘लेट स्टार’मुळे ती ओळीने वाचताही येतात.

पायथन क्लायंटमध्ये तीनच चुका वारंवार होतात. एक, ‘रिसीव्ह’ मागितले तितके बाइट देईलच असं नाही. पूर्ण होईपर्यंत फिरत वाचा. दोन, लांबी एन्कोड केलेल्या बाइटची पाठवा, स्ट्रिंगची नको. इंग्रजी मजकुरावर दोन्ही सारख्याच येतात, म्हणून ही चूक पहिलं मराठी वर्णन येईपर्यंत लपून राहते. तीन, टाइमआउट झालेलं कनेक्शन पुन्हा वापरू नका. उशिरा आलेलं उत्तर पुढच्या विनंतीचं म्हणून वाचलं जातं. कनेक्शन बंद करा, नवीन उघडा, टोकन दाखवा, आणि कमिट झालं होतं का ते आवृत्ती क्रमांकावरून विचारा. कमिट डोळे मिटून पुन्हा पाठवणं धोक्याचं.

सी भाषेसाठी ओकॅमलचा कोड लायब्ररीत गुंडाळून देण्याचा मार्ग आहे, पण त्यासोबत अख्खा रनटाइम दुसऱ्याच्या प्रोसेसमध्ये शिरतो. प्रोटोकॉल इतका लहान आहे की सीमध्ये थेट लिहिलेला क्लायंट बरा.

सिस्टिमडी

डबल फोर्क, पीआयडी फाइल वगैरे जुने सोपस्कार सोडून द्या. सेवा ‘नोटिफाय’ प्रकारची ठेवा आणि कॉन्फिग पूर्ण लागू झाल्यावरच ‘रेडी’ कळवा. त्यावर अवलंबून असलेल्या सेवा तोवर थांबतील. ‘किलमोड’ मात्र मुद्दाम ‘मिक्स्ड’ करा. मुळात सिस्टिमडी थांबवताना गटातल्या सगळ्यांना सिगटर्म (थांबायला सांगणारा सिग्नल) पाठवतं, म्हणजे कमिट चालू असताना तुमचे हँडलरही मध्येच तुटतात. ‘मिक्स्ड’मध्ये तो फक्त डिमनला मिळतो, डिमनने नवे कमिट नाकारावेत, चालू असलेलं पुरं करावं आणि मग बाहेर पडावं. थांबण्याची मुळातली मुदत ९० सेकंद असते. ३० सेकंदांचे चार हँडलर अडकले तर ती उलटून सिगकिल (तत्काळ मारणारा सिग्नल) येतो, म्हणून मुदत हिशेबाने वाढवा.

टेस्ट

कोअर निव्वळ फंक्शनांचा ठेवल्याचं फळ इथे मिळतं. क्यूचेकला हजारो झाडं बनवू द्या आणि तीन नियम तपासा: छापून परत वाचलेलं झाड तेच असावं, दोन झाडांतला फरक पहिल्यावर लावला की दुसरं मिळावं, कोणत्याही क्रमांकाचा हँडलर पाडला तरी रोलबॅकनंतर खोट्या हँडलरांनी नोंदवलेली अवस्था सुरुवातीचीच असावी. झाडांमध्ये रिकाम्या स्ट्रिंग, अवतरणचिन्हं, नवी ओळ आणि देवनागरी मजकूर मुद्दाम पेरा.

शेवटी व्हर्च्युअल मशिनवर खरी परीक्षा: एका स्क्रिप्टने सलग कमिट करत राहायचं, दुसरीने ठरावीक नसलेल्या क्षणी डिमनला किल-९ (म्हणजे सिगकिल) द्यायचा, आणि दर वेळी डिमन उठल्यावर डिस्कवरचं कॉन्फिग व ‘आयपी ॲड्रेस’चं आउटपुट जुळतं का ते पाहायचं. ही जोडी रात्रभर चालू ठेवा. मग तोच खेळ व्हर्च्युअल मशिन जबरदस्तीने बंद करून खेळा, कारण किल-९ मध्ये कर्नल जिवंत राहतो आणि एफसिंक विसरल्याची चूक त्यात दिसत नाही.